छातीतली धडधड आणि काचेआडचे तंत्रज्ञ

गेल्या महिन्यात ओळखीच्या एक वहिनी पेढ्यांचा पुडा घेऊन दवाखान्यात आल्या. वय ४२. मोंढ्यात त्यांच्या यजमानांचे भुसार मालाचे दुकान आहे. पुडा टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, त्या टेन्शनच्या गोळ्या आता तुम्हीच घ्या.’’ मी हसलो, पण बोलणे लागले. लागायलाच हवे होते. कारण सात वर्षांपूर्वी त्यांच्या केसपेपरवर मीच माझ्या हाताने लिहिले होते, ‘घबराट. काळजीचे कारण नाही.’

आजचा लेख त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. नाव मात्र देत नाही.

वहिनींची तक्रार अशी होती. दोन-तीन महिन्यांतून एकदा, काही कारण नसताना, छातीत एकदम धडधड सुरू व्हायची. बटण दाबून पंखा सुरू करावा तशी. दहा मिनिटे, कधी अर्धा तास, एकदा तर दीड तास चालली. मग तशीच एकदम बंद. त्या म्हणायच्या, ‘‘ठोके छातीत नाही, गळ्यात उडतात. आणि थांबलं की लघवीला फार होते.’’ बहुतेक वेळा खाली वाकून काही उचलताना सुरुवात व्हायची. मी नाडी पाहायचो, तोवर नाडी ७८. ई.सी.जी. काढायचो, तो पूर्ण नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल, हिमोग्लोबिन ठीक. त्या वर्षी त्यांच्या घरात वाटणीचा वाद चालू होता. मी दोन अधिक दोन चार केले आणि मनाच्या शांतीची गोळी लिहून दिली.

वाचकहो, माझे काय चुकले ते सांगतो. एकदम सुरू, एकदम बंद. गळ्यात उडणारे ठोके. नंतर होणारी भरपूर लघवी. वाकल्यावर होणारी सुरुवात. यातली एकेक गोष्ट पुस्तकात लिहिलेली आहे. मनाच्या घबराटीने वाढलेली धडधड हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. बटणासारखी ती वागत नाही. वहिनी मला निदान सांगत होत्या, आणि मी त्यांना काळजी करू नका असे सांगत होतो. शिवाय घरची मंडळीही मग म्हणू लागली की हिला काम नको म्हणून हे होते. सासूबाईंनी एकदा दृष्ट काढली, एकदा कुणाकडून अंगारा आणला. डॉक्टरनेच ‘काही नाही’ म्हटल्यावर त्यांना तरी दोष कसा द्यावा?

अटॅक कागदावर सापडला तो निव्वळ योगायोगाने. गेल्या पावसाळ्यात वहिनी धाकट्या मुलाचा ताप दाखवायला आल्या होत्या. बाकाखालचे त्याचे दप्तर उचलायला वाकल्या आणि तिथेच भिंत धरून बसल्या. कंपाउंडरने हाक मारली. या वेळी मी नाडी मोजत बसलो नाही. तसेच टेबलावर झोपवून ई.सी.जी.च्या तारा लावल्या. मिनिटाला १८८ ठोके, एका ओळीत, सगळे सारख्या अंतरावर, दातेरी करवतीसारखे. ती पट्टी मी अजून जपून ठेवली आहे.

मग त्यांना १० मि.ली.ची रिकामी सिरिंज दिली. अर्धवट बसवून तिच्या तोंडातून १५ सेकंद जोराने फुंकायला लावले, इतके की आतला दट्ट्या हलला पाहिजे. लगेच पाठीवर आडवे करून कंपाउंडरने दोन्ही पाय १५ सेकंद वर धरले. ठोके थांबले. पट्टीवर एक लांब सपाट रेघ, आणि मग शांत ८० ची लय. फुंकून झाल्यावर पाय वर धरण्याची ही युक्ती नवी आहे. २०१५ साली इंग्लंडमधील डॉक्टरांनी ४२८ रुग्णांवर ती पडताळून पाहिली. नुसते बसून फुंकल्याने १०० पैकी १७ जणांचा अटॅक थांबला, पाय वर केल्याने ४३ जणांचा. बिनपैशाचा उपाय, म्हणून मुद्दाम सांगितला.

हमरस्ता आणि पाणंद

आता हा आजार काय ते पाहू. हृदय हा पंप आहे हे सर्वांना ठाऊक असते; पण पंप म्हटला की वीजजोडणी आलीच. हृदयाच्या वरच्या भागात उजवीकडे एक लहानशी गाठ असते, एस.ए. नोड. तिथून दर ठोक्याला विजेचा संदेश निघतो, वरच्या दोन्ही कप्प्यांतून पसरतो आणि मध्यभागी ए.व्ही. नोड नावाच्या नाक्यावर येतो. नाक्यावर तो क्षणभर थांबतो, मग हिसचा जुडगा नावाच्या तारेतून खालच्या कप्प्यांत जातो. वरच्या कप्प्यांतून खाली जायला निरोगी माणसात एवढी एकच वाट असते.

काही माणसांत मात्र या नाक्याला येऊन मिळणारे रस्ते दोन असतात. एक हमरस्ता, वेगाचा. दुसरी पाणंद, सावकाश जाणारी. एरवी संदेश हमरस्त्याने निघून जातो, पाणंदीचा कोणाला पत्ताही लागत नाही. पण एखादा ठोका वेळेआधी पडला आणि त्या वेळी हमरस्ता अजून मोकळा झालेला नसला, तर तो संदेश पाणंदीने खाली जातो. खाली पोचेपर्यंत हमरस्ता मोकळा झालेला असतो. मग तो त्याने उलटा वर चढतो, पुन्हा पाणंदीने खाली, पुन्हा वर. तेलाच्या घाण्याला बैल फिरावा तसा. प्रत्येक फेरीला एक ठोका. मिनिटाला १५० ते २५० फेऱ्या. वरचे आणि खालचे कप्पे जवळजवळ एकाच वेळी आवळतात, त्यामुळे रक्ताचा धक्का मानेच्या शिरांत मागे जातो. वहिनींच्या गळ्यात उडत होते ते हे.

हा दोष जन्मतः असतो, पण त्रास बहुधा मोठेपणी सुरू होतो. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. आणि मला वाटते म्हणूनच तो ‘टेन्शन’च्या खात्यात अधिक जमा होतो.

उपचार दोन. अटॅक क्वचित येत असले तर फुंकण्याची युक्ती, लागल्यास रोजच्या गोळ्या. नाहीतर मुळावर उपाय, म्हणजे ती पाणंद बंद करणे. जांघेतल्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन त्या जागेला उष्णतेचा चटका देतात. याला ॲब्लेशन म्हणतात. वहिनींना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे हृदय जाळणार?’’ यजमानांनी विचारले, ‘‘बायपाससारखं असतं का हो?’’ मी उत्तरे दिली. पण खरे सांगतो, ती पुस्तकातली होती. सत्तावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी अँजिओग्राफी कितीदा तरी पाहिली. हे एकदाही पाहिले नव्हते. म्हणून त्यांच्याबरोबर मीही पुण्याला गेलो. तिथल्या हृदयतज्ज्ञांनी मला आत बसू दिले.

काचेच्या अलीकडे

या विभागाला ई.पी. लॅब म्हणतात, इलेक्ट्रोफिजिऑलॉजीची प्रयोगशाळा. अँजिओग्राफी हे हृदयाचे नळकाम म्हटले तर हे वायरिंगचे. खोली दोन भागांत. काचेपलीकडे थंडगार खोलीत टेबल, वर एक्स-रेचे यंत्र, शिशाचे एप्रन घातलेले डॉक्टर, सिस्टर. काचेअलीकडे पाच-सहा पडदे, आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर एक तिशीच्या आतली मुलगी. मला वाटले शिकाऊ डॉक्टर असेल. ती ई.पी. तंत्रज्ञ होती. पुढचे दोन तास माझे सगळे लक्ष काचेपलीकडच्या तज्ज्ञाइतकेच तिच्याकडे होते.

मी विचारले, ‘‘बेटा, तू कुठली?’’ निघाली आपल्या शेजारच्या तालुक्यातली. वडील एस.टी.त वाहक होते. बारावी सायन्सनंतर हृदयरोग तंत्रज्ञानाची पदवी घेतली, पहिली चार वर्षे ई.सी.जी., इको, ट्रेडमिल, अँजिओग्राफी यांत काढली आणि मग इकडे आली. ‘‘डिग्रीत ई.पी. थोडंच असतं सर. खरं शिक्षण या खुर्चीवर होतं,’’ ती म्हणाली. स्वतः रेघा वाचता यायला तिला दोन वर्षे लागली.

तिचा दिवस रुग्ण येण्याच्या तासभर आधी सुरू होतो. आधी शॉकचे यंत्र तपासायचे. इथे मुद्दाम ठोके बिघडवून पाहतात, तेव्हा शॉक लागेल असे धरूनच चालायचे. रुग्णाच्या छातीला आणि पाठीला त्याचे चिकट पॅड सुरुवातीलाच लावून ठेवतात. मग ई.सी.जी.च्या तारा. मग डॉक्टर जांघेतून ज्या तारा आत नेतात त्यांची जोडणी. या तारा, ज्यांना कॅथेटर म्हणतात, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या. वहिनींना चार घातल्या: एक वरच्या कप्प्यात, एक हिसच्या जुडग्याशी, एक खालच्या कप्प्यात, एक हृदयामागच्या शिरेत. प्रत्येकीच्या टोकाला धातूची कडी असतात आणि शेपटाला तितक्याच पिना. त्या सगळ्या पिना एका डब्याच्या क्रमांक दिलेल्या भोकांत बसवायच्या. एक पिन शेजारच्या भोकात गेली तर पडद्यावर रेघ उमटतेच, पण चुकीच्या जागेची. आणि त्या रेघेच्या आधाराने डॉक्टर चटका कुठे द्यायचा ते ठरवणार! ती प्रत्येक पिन बसवताना तोंडाने क्रमांक म्हणत होती, रेशन दुकानदार माप म्हणतो तसा.

हिसच्या जुडग्याची खूण मिलिव्होल्टच्या काही दशांशाइतकीच असते. आपल्या भिंतीतली वीज सेकंदाला ५० वेळा पालटते, तिची गुरगुर या रेघांत सहज शिरते. त्या दिवशी एका रेघेवर गवतासारखी खरखर येत होती. तिने अर्थिंग पाहिले, दोन तारा वेगळ्या केल्या, टेबलाजवळच्या एका पंपाचा प्लग दुसरीकडे लावला. खरखर गेली. लहान गोष्ट वाटेल, पण ती न जाता काम पुढे गेले नसते.

आपल्या दवाखान्यातला ई.सी.जी. म्हणजे देवळाबाहेर उभे राहून आतले भजन ऐकणे. लय कळते, टाळ कोणाचा आणि मृदंग कोणाचा हे कळत नाही. कॅथेटर म्हणजे प्रत्येक वादकाशेजारी जाऊन बसणे. कागदी ई.सी.जी. सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. इथे पडद्यावर रेघा १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने ताणतात. म्हणजे कुठला भाग कुणाच्या आधी जागा झाला हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येते. मी एम.बी.बी.एस., ई.सी.जी. वाचण्यात बरा म्हणून तालुक्यात नाव. पण त्या पडद्यावरच्या दहा-बारा रेघांतले मला पहिली पंधरा मिनिटे काही म्हणता काही समजले नाही.

अटॅक बोलावून आणणे

मग मुख्य काम सुरू झाले. वहिनी जाग्या होत्या. फक्त जांघेत भूल आणि थोडी गुंगी. तंत्रज्ञ मुलीच्या हाताशी एक यंत्र असते, त्यातून कॅथेटरवाटे हृदयाला बारीक विजेचे टोले देता येतात. आधी ६०० मिलिसेकंदांच्या अंतराने आठ टोले, म्हणजे मिनिटाला १०० ची लय. मग नववा थोडा लवकर. डॉक्टर आतून सांगत, ती देत होती आणि मोठ्याने म्हणत होती: ‘‘चारशे. तीनशे नव्वद. तीनशे ऐंशी.’’ प्रत्येक वेळी नववा टोला १० मिलिसेकंद अलीकडे. प्रत्येक वेळी संदेश नाक्यातून जायला किती वेळ लागला ते ती मोजत होती. तो वेळ हळूहळू वाढत होता. आणि एका टोल्याला तो एकदम वाढला. ती म्हणाली, ‘‘जंप, सर.’’ म्हणजे हमरस्ता बंद मिळाला आणि संदेश पाणंदीने गेला.

पुढच्याच टोल्याला पडद्यावरच्या सगळ्या रेघा धावू लागल्या. ‘‘सायकल लेंग्थ तीनशे वीस.’’ मी मनात भागाकार केला: १८७. माझ्या पट्टीवर १८८ होते.

त्याच वेळी माइकवरून आवाज आला. वहिनी ओरडल्या, ‘‘हेच! हेच होतंय! डॉक्टर, हेच!’’ आणि रडू लागल्या. सिस्टर घाबरून जवळ गेली. पण ते दुखण्याचे रडे नव्हते. सात वर्षे जे कोणाला दिसले नाही, ते दहा माणसांदेखत पडद्यावर चालले होते. काचेमागे मी मान खाली घातली.

दोन टोले देऊन तिने अटॅक थांबवला. या खोलीत तो चालू-बंद करता येतो.

‘ऑफ’

आता चटका. हिला रेडिओ लहरींची उष्णता म्हणतात. टोकाशी ५५ ते ६० अंशांपर्यंत तापमान जाते आणि तिथला मसूरडाळीएवढा भाग कायमचा निकामी होतो. रुग्णाला छातीत थोडे जड किंवा गरम वाटते, कधी काहीच नाही. अवघड भाग वेगळा आहे. पाणंद आणि नाका यांच्यात अंतर काही मिलिमीटरच. चटका नाक्याला लागला तर वरचा संदेश खाली जाणे कायमचे बंद पडू शकते. म्हणजे ४२ व्या वर्षी पेसमेकर. शंभरात एखाद्यालाच, किंवा त्याहूनही कमी जणांना हे होते. पण होते, आणि रुग्णाची सही घेताना हे सांगावे लागते. यश शंभरात ९५ हून अधिक जणांना मिळते.

चटका बरोबर जागी लागला की नाक्याजवळून काही आगंतुक ठोके उमटतात. ते चांगले लक्षण. पण प्रत्येक आगंतुक ठोका वरच्या कप्प्यापर्यंत परत पोचला पाहिजे. एखादा पोचला नाही तर समजायचे की हमरस्ता तापू लागला, आणि त्या क्षणी चटका बंद करायचा. डॉक्टरांचे लक्ष हातातल्या कॅथेटरवर आणि एक्स-रेवर असते. या लॅबमध्ये चटक्याचे यंत्र काचेअलीकडून तंत्रज्ञ चालवतो. ६० सेकंदांत शंभरेक ठोके येतात. त्यातला प्रत्येक पाहायचा, पापणी न लवता.

पहिला चटका वाया गेला, आगंतुक ठोके आलेच नाहीत. दुसऱ्याला थोडे आले. तिसऱ्याला भराभर येऊ लागले. ती सेकंद म्हणत होती, ‘‘दहा... पंधरा... वीस... ऑफ!’’ शब्द आणि बोट एकाच वेळी. मला काही दिसलेच नव्हते. आत डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त कॅथेटर किंचित खाली ओढला. तिने पडदा गोठवून मागे नेला आणि मला दाखवले: अकरा ठोके वर पोचलेले, बारावा नाही. एकच ठोका. सर्वांनी दोन मिनिटे नुसती लय पाहिली. हमरस्ता शाबूत होता.

नंतर चहा पिताना मी तिला विचारले, ‘‘नक्की दिसलं होतं, की शंका आली?’’ ती म्हणाली, ‘‘सर, शंका आली. बर्न परत देता येतो. ब्लॉक झाला तर परत घेता येत नाही.’’ एवढे सांगून तिने बिस्किट चहात बुडवले.

चौथा चटका पूर्ण ६० सेकंद चालला. मग ठोके वाढवणारे औषध सलाईनमधून देऊन पुन्हा तेच टोले, तेच आकडे. अर्धा तास सगळे प्रयत्न करूनही अटॅक आला नाही. वहिनी दुसऱ्या दिवशी चालत घरी आल्या. जांघेत एक टोचल्याची खूण आणि चार दिवस जड उचलायचे नाही, एवढेच पथ्य.

हे ज्ञान एका दिवसात आलेले नाही. हिस यांनी तो जुडगा १८९३ मध्ये वर्णन केला, तावारा या जपानी संशोधकाने १९०६ मध्ये ए.व्ही. नोड, किथ आणि फ्लॅक यांनी १९०७ मध्ये एस.ए. नोड. कॅथेटरने हिसची खूण टिपण्याची पद्धत १९६९ ची. चटक्याची सुरुवात १९८२ मध्ये मोठ्या विजेच्या शॉकने झाली, ती धोक्याची होती. रेडिओ लहरी नंतर आल्या आणि १९९० नंतर सर्वत्र रुळल्या. मी कॉलेजात होतो त्याच वेळी हे घडत होते, आणि आम्ही परीक्षेसाठी गोळ्यांची नावे पाठ करत होतो.

त्या खुर्चीची किंमत

वहिनींचे काम सोपे होते असे तिचे म्हणणे. म्हातारपणी होणारा ठोक्यांचा अनियमितपणा, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, त्याचे काम तीन-चार तास चालते. त्यात कॉम्प्युटरवर हृदयाचा त्रिमिती नकाशा काढावा लागतो. एक्स-रे त्यामुळे कमी लागतो, पण तंत्रज्ञाचे काम वाढते. डाव्या कप्प्यात काम असले की रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. गोठायला किती सेकंद लागतात ते पुन्हा पुन्हा मोजून ३०० च्या वर ठेवावे लागते, ती तपासणीही बहुधा याच मंडळींकडे. आत जायचे झाले की शिशाचा एप्रन, त्याने पाठ आणि मान धरते. खिशाला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला, तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. रात्री कोणाचा पेसमेकर बिघडला तरी बोलावणे येते. आणि रुग्णाला यांचे तोंडही माहीत नसते. वहिनींनी पेढे मला दिले, तिला नाही! मी त्यातला अर्धा पुडा पुढच्या फेरीत पुण्याला पाठवला.

एक गोष्ट स्पष्ट करतो. तंत्रज्ञ निदान करत नाही, औषध लिहून देत नाही. ते काम डॉक्टरांचेच. त्या मुलीलाही ही मर्यादा पक्की ठाऊक होती. मी विचारले की माझ्या दुसऱ्या एका रुग्णाची पट्टी बघतेस का, तर म्हणाली, ‘‘सरांना दाखवा.’’

बारावीनंतर डॉक्टरकीला नंबर लागला नाही म्हणून तोंड पाडून बसलेली मुले आणि त्यांचे पालक माझ्याकडे नेहमी येतात. त्यांनी या वाटेचा विचार जरूर करावा. मात्र सहा महिन्यांत तंत्रज्ञ करून देतो अशा जाहिराती गल्लोगल्ली दिसतात, त्यांना भुलू नये. पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची आहे का आणि कॉलेजला स्वतःचे चालते हृदयरोग विभागाचे रुग्णालय आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. या व्यवसायांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळा कायदाही केला आहे.

तुम्ही काय करायचे

प्रत्येक धडधड म्हणजे हा आजार नव्हे. मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणे बहुतेकांना कधी ना कधी होते, ते बहुधा निरुपद्रवी असते. रक्त कमी असणे, थायरॉईड वाढणे, ताप, अति चहा, तंबाखू यांनीही छाती धडधडते. ते आधी तपासून घ्यावे. पण धडधड बटणासारखी सुरू-बंद होत असेल तर ती चालू असताना कागदावर आली पाहिजे. अटॅक संपल्यावरचा ई.सी.जी. नॉर्मल असतो आणि तेवढ्यावर विसंबू नये, मी विसंबलो. धडधड सुरू होताच घड्याळ पाहावे, नाडी मोजावी आणि कोणाला तरी बरोबर घेऊन जवळच्या दवाखान्यात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन ‘आधी ई.सी.जी. काढा’ असे म्हणावे. स्वतः गाडी चालवू नये. हल्ली काही मनगटी घड्याळांत ई.सी.जी. निघतो; मुलाच्या हातात तसले घड्याळ असले तर तेही चालेल.

सिरिंजची युक्ती डॉक्टरांकडून एकदा शिकून मगच घरी करावी. डोळ्यांवर दाब देण्याची जुनी पद्धत कोणी सुचवली तर मुळीच करू नये, डोळ्याला इजा होते. मानेची शीर स्वतः चोळू नये, विशेषतः वय झालेल्यांनी.

धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखले, दम लागला, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेलेले असेल, तर युक्त्या करत बसू नये. १०८ ला फोन करून सरळ मोठे रुग्णालय गाठावे.

खर्चाचा प्रश्न मला रोज विचारतात. रुग्णालयागणिक तो फार वेगळा असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले काम बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून आधीच विचारून घ्यावे.

माझ्या दवाखान्यात ई.सी.जी.चे यंत्र आतल्या खोलीत, कपाटाशेजारी, झाकून ठेवलेले असायचे. आता ते बाहेरच्या बाकाजवळ आणले आहे. कंपाउंडरला सांगितले आहे की कोणी ‘धडधडतंय’ म्हणत आले तर आधी तारा लावायच्या, केसपेपर मागून. गेल्या पंधरवड्यात एक अठरा वर्षांचा कॉलेजचा मुलगा असा आला. त्याच्या आईने आल्या आल्या सांगितले, ‘‘काही नाही हो डॉक्टर, परीक्षेचं टेन्शन आहे.’’ पट्टीवर २१० निघाले.